छर्ऱ्यांची मात्रा

स्मरणिकेसाठी लेख द्या, अशी प्रेमळ मागणी संपादक मंडळाकडून दरवर्षी येते. आजवर मधुमेह, सर्पदंश, उच्च रक्तदाबाविषयीचे समज-गैरसमज असे विषय हाताळून मी माझी सुटका करून घेतली. यंदा मात्र, "डॉक्टर, रोग पुरे झाले, आता आपल्या छंदाविषयी लिहा," असा आदेश झाला. माझा छंद जरा आडवळणाचा आहे. बसवकल्याणसारख्या गावात राहून ट्रॅप नेमबाजी करणारा डॉक्टर म्हणजे लोकांच्या दृष्टीने एक तर हौशी किंवा वेडा. मी दोन्ही आहे, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. तथापि या छंदातील एका लहानशा प्रश्नाने मला वैद्यकशास्त्रातील एक मोठा धडा नव्याने शिकविला. तो प्रश्न असा : काडतुसात छर्रे किती असावेत, केवढे असावेत आणि ते किती वेगाने सुटावेत?

आजोबांची दुनळी

आमचे मूळ गाव हुलसूरच्या बाजूस. ज्वारी-तुरीचे शेत आणि रानडुकरांचा उपद्रव. त्यामुळे निजामी राजवटीपासून आमच्या घरात एक परवान्याची दुनळी बंदूक होती. आजोबांच्या पश्चात ती वडिलांकडे आणि नंतर रीतसर परवाना बदलून माझ्याकडे आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपविला, आणि ते योग्यच झाले. आमच्या भागातील माळांवर आजही काळवीट दिसतात, याचे श्रेय पुष्कळसे त्या कायद्याला आहे. बंदूक मात्र राहिली आणि तिच्यासोबत एक समजूतही राहिली, की काडतूस जितके भारी तितका बार चांगला. गावातले जाणते म्हणत, "बार कसा खांद्याला कळला पाहिजे."

दसऱ्याच्या शस्त्रपूजेनंतर शेतात जाऊन एक-दोन बार काढण्याची आमच्या घरी रीत होती. मीही काही वर्षे ती पाळली. ती रीत मी पुढे बंद केली. २०१९ च्या शस्त्रकायदा दुरुस्तीने आनंदोत्सवातील बेफिकीर गोळीबार हा स्वतंत्र गुन्हा ठरविला आहे, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

२००४ साली अथेन्सच्या ऑलिम्पिकमध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅप प्रकारात रौप्यपदक मिळविले. ती बातमी वाचून माझ्या डोक्यात किडा वळवळू लागला. आमच्या गावाहून हैदराबाद काही फार दूर नाही. सस्तापूर बंगल्यावर हमरस्ता गाठला, की हुमनाबाद, जहीराबाद, संगारेड्डी करीत साडेतीन-चार तासांत माणूस पोहोचतो. तेथे केंद्रीय विद्यापीठाच्या परिसरात २००२ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने उभारलेली शूटिंग रेंज आहे. एका रविवारी दवाखाना बंद ठेवून, कागदपत्रे आणि आजोबांची दुनळी घेऊन मी निघालो.

तेथे मला शिकविण्याचे कबूल केलेले गृहस्थ साताऱ्याकडचे निवृत्त सुभेदार होते. त्यांनी बंदूक उघडली, नळ्या सुट्या केल्या, चष्मा लावून नळ्यांच्या तळाशी कोरलेल्या खुणा वाचल्या आणि माझ्या हातातील काडतुसे शांतपणे काढून घेतली.

"डॉक्टरसाहेब, ही काडतुसं या बंदुकीत किती वर्षं उडवताय?"

"सात-आठ वर्षे झाली असतील."

"मग देवाला नारळ फोडा."

खुलासा असा. काडतूस ज्या घरात बसते त्या चेंबरची लांबी माझ्या जुन्या विलायती बंदुकीत अडीच इंच, म्हणजे सुमारे ६५ मिलिमीटर होती. माझी काडतुसे होती ७० मिलिमीटरची. ही ७० मिलिमीटर लांबी काडतूस उडून त्याचे दुमडलेले तोंड उलगडल्यानंतरची असते. न उडविलेले काडतूस आखूड असल्यामुळे ते जुन्या घरात विनातक्रार बसते, आणि धोका दिसत नाही तो याच कारणाने. उडताना तोंड उलगडते, पुढील अरुंद भागात अडकते आणि आतील दाब वाढतो. नळी फुटून हाताची बोटे गेल्यावर मग कारण शोधत बसावे लागते. म्हणून ज्यांच्या घरी वाडवडिलांची बंदूक आहे त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. काडतूस निवडण्याआधी जाणकार कारागिराकडून चेंबरची लांबी मोजून घ्या. आपण औषध लिहिण्यापूर्वी रुग्णाला कशाची ॲलर्जी आहे ते विचारतो, तसाच हा पहिला प्रश्न. आणि बारा बोअरच्या काडतुसांत वीस बोअरचे एकही काडतूस मिसळू देऊ नका. ते नळीत पुढे घसरून अडकते आणि मागून बारा बोअरचे भरले की अनर्थ होतो. वीस बोअरचे कवच बहुधा पिवळे ठेवतात ते याचसाठी.

खेळ आणि त्याचे नियम

वाचकांपैकी बहुतेकांनी हा खेळ पाहिला नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. नेमबाजापुढे १५ मीटरवर जमिनीत खंदक असतो. त्यातील यंत्रांतून ११० मिलिमीटर व्यासाची, सुमारे १०५ ग्रॅम वजनाची तबकडी सुटते. तिला मातीची तबकडी म्हणत असले तरी ती डांबरासारखा राळपदार्थ आणि चुनखडी यांची केलेली असते. नेमबाजाने 'पुल' म्हटले की ती ताशी शंभराहून अधिक किलोमीटर वेगाने, डावीकडे, उजवीकडे की सरळ हे कळू न देता, त्याच्यापासून दूर पळते. पहिला बार साधारण ३० ते ३५ मीटरवर लागावा लागतो. तो चुकला तर दुसरा बार ४० मीटरच्या आसपास. सारा खेळ एका सेकंदाच्या आत आटोपतो.

येथे एक गोळी नसते. शेकडो बारीक छर्ऱ्यांचा एक ढग तबकडीकडे झेपावतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार या ढगाचे वजन २४ ग्रॅम, फार तर २४.५ ग्रॅम असू शकते आणि छर्ऱ्याचा व्यास २.६ मिलिमीटरहून अधिक चालत नाही. पूर्वी ही मर्यादा ३२ ग्रॅम होती, मग २८ झाली आणि १९९० च्या दशकात २४ वर आली. प्रत्येक वेळी जुने नेमबाज हळहळले, की आता तबकड्या फुटायच्या कशा? पुढे काय झाले ते पाहा. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या मायकेल डायमंड यांनी प्राथमिक फेरीत १२५ पैकी १२५ तबकड्या फोडल्या, त्या २४ ग्रॅमच्याच काडतुसांनी. त्याच डायमंड यांना अंतिम फेरीनंतर चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले, तेही त्याच २४ ग्रॅमनी. काडतूस तेच होते, माणूसही तोच होता.

आपल्या देशात या खेळाची परंपरा मोठी आहे. बिकानेरचे महाराजा करणीसिंह यांनी १९६२ साली कैरो येथील जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळविले आणि एकूण पाच ऑलिम्पिक स्पर्धांत भाग घेतला. दिल्लीतील तुघलकाबादच्या रेंजला 'डॉ. करणीसिंह' यांचे नाव आहे. ही डॉक्टरकी आपल्यासारखी नव्हे. ती मुंबई विद्यापीठाची इतिहासातील पीएच.डी. आहे. पुढे २००६ साली झाग्रेब येथे मानवजितसिंग संधू ट्रॅपचे जगज्जेते झाले. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, जी २०२३ साली पार पडली, भारतीय पुरुषांनी सांघिक सुवर्णपदक पटकाविले. त्या संघातील कायनन चेनाई हे हैदराबादचे, म्हणजे आमच्या दृष्टीने शेजारचेच.

धक्क्याचे दुखणे

सुभेदारांनी मला रेंजवरची वर-खाली नळ्यांची जड बंदूक दिली. नियम माहीत असूनही सरावासाठी मी ३२ ग्रॅमची काडतुसे विकत घेतली. सरळ हिशेब होता : छर्रे एक तृतीयांशाने वाढले, तर चुकण्याची शक्यता तेवढी कमी. झाले उलटेच. पहिल्या दहा तबकड्या बऱ्या जात, मग आकडा घसरत जाई. संध्याकाळी उजव्या खांद्यावर निळे वळ आणि मानेत कळ. मी काडतुसे बदलली, चष्मा बदलला, उभे राहण्याची ढब बदलली. रोगाचे निदान न करता औषधे बदलणाऱ्या वैद्याची जी गत होते, ती माझी झाली.

एके दिवशी सुभेदार म्हणाले, "आज काडतूस मी भरणार. तुम्ही बघायचं नाही." मी 'पुल' म्हटले, तबकडी सुटली, चाप ओढला, आणि बार झालाच नाही. त्यांनी रिकामे काडतूस भरले होते. पण बंदुकीचे तोंड मात्र वीतभर खाली गेले होते आणि माझे डोळे मिटले होते. धक्का आलाच नव्हता, तरी माझे शरीर धक्क्याला शरण गेले होते.

"बंदूक मारतीय म्हणून तुम्ही डोळं मिटताय, डॉक्टरसाहेब. छर्रं काय करतील बिचारे?"

मी आयुष्यभर रुग्णांना प्लासिबो म्हणजे काय ते समजावून सांगत आलो. त्या दिवशी एका निवृत्त सैनिकाने तो मलाच दिला, आणि निदानही अचूक केले.

या धक्क्याचे गणित सोपे आहे. छर्रे पुढे जाताना जेवढा संवेग घेतात, तेवढाच बंदूक मागे घेते. छर्ऱ्यांचे वजन २४ वरून ३२ ग्रॅम केले, तर संवेग एक तृतीयांशाच्या आसपास वाढतो. परंतु खांद्यावर आदळणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती दीडपटीहून अधिक होते. बंदूक हलकी असेल तर आणखी अधिक. दिवसाला शंभर बार, म्हणजे शंभर धक्के. साठीकडे झुकलेल्या खांद्याला हा हिशेब कोणी विचारत नाही. तो स्वतःच उत्तर देतो.

मग आम्ही एक छोटी चाचणी केली. दोन रविवार, प्रत्येकी शंभर तबकड्या, प्रत्येक तबकडीला एकच बार. एका दिवशी २८ ग्रॅम, दुसऱ्या दिवशी २४ ग्रॅम. डबे सुभेदारांकडे, मला काही सांगायचे नाही. २८ ग्रॅमने ६१ फुटल्या, २४ ग्रॅमने ६८. खांद्याला फरक कळतोच, तेव्हा ही चाचणी शास्त्रशुद्ध म्हणवत नाही आणि एवढ्याशा नमुन्यावरून सिद्धान्त मांडणे आपल्या व्यवसायात शोभणार नाही. मला पटले ते एवढेच, की कमी छर्ऱ्यांनी माझे काही बिघडले नाही. शेवटच्या पंचवीस तबकड्यांच्या वेळी माझे डोळे उघडे होते.

कागदावरची मोजणी

सुभेदारांचा दुसरा धडा कागदाचा. ३५ ते ४० मीटरवर मोठा कागद टांगायचा, त्यावर एक बार काढायचा, दाट भागाभोवती ७६ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ आखायचे आणि आतील भोके मोजायची. न्यूबावर चेंबरमध्ये पांढऱ्या पेशी मोजण्यात माझे तारुण्य गेलेले. त्यामुळे चौकोन पाडून, मोजलेल्या भोकावर पेनाने टिंब देत मोजणी करणे मला अगदी घरचे वाटले.

या मोजणीतून जे कळले ते असे. अमेरिकन मापाचा साडेसात नंबरचा छर्रा सुमारे २.४ मिलिमीटरचा असतो. २४ ग्रॅममध्ये तो तीनशेला थोडा कमी भरतो. आठ नंबरचा सुमारे २.३ मिलिमीटरचा आणि तो २४ ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या जवळपास भरतो. म्हणजे २४ ग्रॅम आठ नंबरमध्ये जेवढे छर्रे, जवळजवळ तेवढेच २८ ग्रॅम साडेसात नंबरमध्ये. निव्वळ संख्याच हवी असेल, तर ती धक्का न वाढविताही मिळते. मात्र छर्रा जितका बारीक तितका तो हवेत लवकर दमतो. म्हणून जवळच्या पहिल्या बाराला आठ नंबर आणि लांबच्या दुसऱ्या बाराला साडेसात ही विभागणी बहुतेक नेमबाज करतात. येथे एक सावधानता बाळगावी. ब्रिटिश आणि अमेरिकन नंबर एकसारखे नाहीत. ब्रिटिश साडेसात म्हणजे सुमारे २.३ मिलिमीटर. डब्यावरील नंबर पाहू नये, मिलिमीटर पाहावेत.

वेगाचेही तसेच. काडतुसांच्या जाहिराती सेकंदाला ३८० मीटर की ४१० मीटर यावर भांडतात. पस्तीस मीटरपर्यंत पोहोचताना या दोहोंत काही सहस्रांश सेकंदांचाच फरक पडतो आणि तेवढ्यात तबकडी वीतभरही सरकत नाही. ढगाचा व्यास त्याच्या कितीतरी पट असतो. त्यापेक्षा छर्ऱ्यांच्या कठीणपणाला महत्त्व द्यावे. शिशात थोडे अँटिमनी मिसळलेले असले, तर छर्रे नळीत चेपत नाहीत, गोल राहतात आणि ढग एकसारखा पसरतो. कागदावर विरळ जागा दिसली, की समजावे, तबकडी तेथूनच निसटणार. आणि एकदा एक काडतूस जमले की तेच धरून ठेवावे. दर आठवड्याला ब्रँड बदलणारा नेमबाज आणि दर आठवड्याला डॉक्टर बदलणारा रुग्ण, दोघांची प्रगती सारखीच.

सात की आठ?

आता या छंदाने माझ्याकडून जे घेतले, तेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तरुणपणी शेतात बार काढताना कानात बोळे घालणे आम्हांला बायकीपणाचे वाटे. बारा बोअरच्या बाराचा आवाज १५० डेसिबलच्या घरात जातो. १४० च्या वर एकच आवाज कानाला कायमची इजा करू शकतो. काही वर्षांपूर्वी दवाखान्यात एक आजीबाई आल्या. ताप किती दिवसांपासून, असे मी विचारले. त्यांनी सांगितले आणि मी केसपेपरवर 'आठ' लिहिले. मागे उभ्या असलेल्या सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "अहो, आजी 'सात' म्हणाल्या."

एका दिवसाने काही बिघडले नाही. पण हीच चूक एखाद्या औषधाच्या मात्रेबाबत झाली असती तर? त्याच आठवड्यात मी श्रवणचाचणी करून घेतली. चार हजार हर्ट्झवर ती ओळखीची खाच होती, आणि डाव्या कानात अधिक खोल. उजव्या खांद्यावर बंदूक लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, उजवा डोक्याच्या आडोशाला. पाठ्यपुस्तकातील ते चित्र माझ्याच आलेखावर उमटले होते. 'स', 'फ', 'ठ' यांसारखी हलकी व्यंजने प्रथम हरवतात. हरवलेले ते परत येत नाही. तेव्हापासून मी कानात बोळे आणि वर कर्णाच्छादन, दोन्ही वापरतो, आणि रुग्णाने सांगितलेला प्रत्येक आकडा पुन्हा उच्चारून खात्री करून घेतो.

दुसरी गोष्ट शिशाची. रेंजवरून आल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय खाऊ नये, कपडे वेगळे धुवावेत आणि काडतुसे मुलांच्या हाती देऊ नयेत. रक्तातील शिसे डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम झाले तरी त्याचा स्रोत शोधावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले आहे. डॉक्टर मित्रांसाठी आणखी एक टिपण. स्नायूत रुतलेला छर्रा बहुधा तंतूंच्या वेष्टनात शांत पडून राहतो आणि प्रत्येक छर्रा काढायचा अट्टाहास रुग्णाला अधिक इजा करतो. परंतु सांध्यात असलेला छर्रा काढावा, कारण सांध्यातील द्रवात शिसे विरघळते आणि वर्षांनंतरही विषबाधा होऊ शकते. युरोपीय संघाने २०२३ पासून पाणथळ जागांवर शिशाचे छर्रे बंद केले आहेत आणि पोलादी छर्रे वाढत आहेत. पोलाद चुंबकाने ओढले जाते. म्हणून एमआरआयला पाठविण्यापूर्वी जुन्या छर्ऱ्याची चौकशी अवश्य करावी.

माझी चिठ्ठी

तेव्हा नवशिक्याला माझे प्रिस्क्रिप्शन असे : प्रथम कान, मग चष्मा, मग चेंबरची लांबी. त्यानंतर २४ ग्रॅम, पहिल्या बाराला २.३ आणि दुसऱ्याला २.४ मिलिमीटरचे कठीण छर्रे, मध्यम वेग. स्वतःच्या बंदुकीतून कागदावर मोजणी. तरीही तबकड्या निसटू लागल्या, तर मात्रा वाढवू नये. न सांगता एक रिकामे काडतूस भरावयास कोणाला तरी सांगावे.

आपल्या गावाला या बाबतीत एक जुना आधार आहे. चालुक्यांच्या राजधानीत, याच कल्याणीत, विज्ञानेश्वरांनी आपला ग्रंथ लिहिला आणि त्याला नाव दिले 'मिताक्षरा', म्हणजे मोजक्या अक्षरांची. कमी लिहिणे म्हणजे उणे लिहिणे नव्हे, हे त्या पंडिताला ठाऊक होते. जे काम मोजक्यात होते तेथे अधिक ओतणे हे पुष्कळदा आपल्याच भीतीचे लक्षण असते. प्रतिजैविके लिहिताना माझा हात हल्ली थोडा थबकतो, तो याच अनुभवामुळे.

आजोबांची दुनळी आता कपाटात विश्रांती घेते आहे. सुभेदार आता रेंजवर येत नाहीत. गुडघ्यांनी असहकार पुकारला आहे. मी दूरध्वनी केला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डोळं उघडं होतं का?" मागच्या खेपेस मी म्हणालो, "होय, पंचवीसपैकी एकवीस." पलीकडून ते काहीतरी बोलले. मला नीट ऐकू आले नाही. मी पुन्हा विचारले. ते हसले आणि मोठ्याने म्हणाले, "मग कान झाका म्हणतोय, कान!"